पुरेपणाचं विरजण

सह्यगिरी वसाहतीतल्या बेचाळीस घरांत मिळून एकही ढेरी उरली नव्हती.

हे कराडच्या अलीकडचं, म्हणजे ज्या मुलखात पाहुण्यानं तिसऱ्या भाकरीला नको म्हटलं तर यजमानाचं तोंड उतरतं, तिथलं सांगतो आहे. चाळीस ते साठ वयाची माणसं सकाळी साडेसहाला फिरायला निघत, ताठ पाठीनं, न धापा टाकता, आणि बरोबर पंचेचाळीस मिनिटांनी घरी परतत. कुणाच्या शर्टाचं बटण ताणलेलं दिसत नव्हतं. कोपऱ्यावरच्या गुडघ्याच्या डॉक्टरांनी दवाखाना गुंडाळून ओगलेवाडीला नेला होता. वसाहतीच्या तोंडाशी असलेली बेकरी बंद पडून तिथे सायकलींचं दुकान आलं होतं, आणि तेही बेताचंच चालत होतं, कारण जास्त जोरात सायकल हाणावी असं कुणाला वाटत नव्हतं.

ज्या बाईमुळे हे सगळं झालं, ती वृषाली इंगवले एक्कावन्न वर्षांची होती. तिचा शिवणवर्ग होता. गावातल्या निम्म्या बायकांच्या कमरेची मापं तिला तोंडपाठ होती. स्वतःच्या कमरेला मात्र तिनं दहा वर्षं टेप लावला नव्हता. शहाऐंशी किलोंची वृषाली जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायची. आता ती अठ्ठावन्न किलोंची होती, आणि गेली तीन वर्षं काटा तिथून हललेला नव्हता.

या तीन वर्षांना महत्त्व आहे. वजन घटवणं ही काही फार मोठी करामत नव्हे, वृषालीनं ती चार वेळा केली होती. चाळिशीत इंजेक्शनं घेऊन तिनं अठरा किलो उतरवले, इंजेक्शनं थांबली आणि एकवीस परत आले. कारण शरीर मोठं हट्टी असतं. आपलं जुनं वजन हेच खरं वजन अशी त्याची समजूत असते. माणूस बारीक झाला की त्याला वाटतं दुष्काळ पडला, आणि ते भुकेचा आवाज वाढवतं. पन्नाशीत स्नायू झडू लागतात, तसं हे भांडण आणखीच एकतर्फी होतं. माणूस महिनोन्‌महिने दात-ओठ खाऊन लढतो आणि एके दिवशी श्रीखंडाच्या डब्यापाशी हात टेकतो.

डॉ. निलोफर तांबोळी या जीवशास्त्रज्ञ बाईंनी नेमका हा आवाज धरला होता. दह्यातल्या साध्या जिवाणूवर काम करून त्यांनी एक नवा जिवाणू घडवला आणि त्याला ‘तृप्तक’ असं नाव दिलं. हा पोटात जाऊन आतड्याला चिकटून राहायचा. अन्न आलं की एक रसायन सोडायचा, ते रसायन मेंदूकडे जाणारी नस ठोठावायचं, आणि माणसाला वाटायचं, पुरे. चार घास आधीच वाटायचं, एवढंच. तासाभरानं ठोठावणं थांबायचं. उपास नाही, लढाई नाही.

प्रयोगासाठी त्यांनी पंचेचाळीस ते साठ वयाचे साठ लोक निवडले, त्यांत वृषाली होती. दर रविवारी एक पुडी कोमट दुधात टाकून दही लावायचं आणि आठवडाभर ते खायचं. पुडीवर ठळक लिहिलेलं होतं, ‘या दह्याचे पुन्हा विरजण लावू नये.’

आता ही सूचना लिहिणाऱ्यानं वृषालीचं स्वयंपाकघर पाहिलेलं नव्हतं. तिच्या सासूनं तिला लग्नात दिलेलं विरजण अठ्ठावीस वर्षं मोडलं नव्हतं. गावाला जाताना ती ते पिसाळवहिनींकडे ठेवून जायची. तळाशी चमचाभर चांगलं घट्ट दही असताना वाटी घासायला टाकायची, ही कल्पनाच तिला पाप वाटली. तिनं पुडीच्या दह्याचं विरजण लावलं, दुसऱ्या दिवशी त्याचं पुन्हा लावलं. दही इतकं गोड आणि सुरीनं कापावं असं लागलं की सासूचं विरजण मागे पडलं. मग संध्याकाळी पिसाळवहिनी वाटी घेऊन आल्या.

“वृषाली, वाईच विरजण दे की. आमचं आंबलंय बघ.”

विरजणाला कुणी नाही म्हणतं का? वृषालीनं दिलं. पिसाळवहिनींनी माळ्यांना दिलं, माळ्यांनी जगदाळ्यांना. सहा महिन्यांत सगळी वसाहत एकाच वाटीतलं दही खाऊ लागली, आणि ढेऱ्या विरघळू लागल्या.

पहिलं वर्ष नुसतं कौतुकात गेलं. वृषालीचा नवरा धैर्यशील याची साखर उतरली, घोरणं थांबलं. दुसऱ्या वर्षी त्यानं सख्ख्या भावाशी बांधावरून चाललेला एकोणीस वर्षांचा दावा सोडून दिला. “असू दे, काय करायचंय,” म्हणाला. वृषालीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, इतकी ती सुखावली होती. याच माणसानं त्या दीड फुटासाठी आईच्या तेराव्यालाही भावाशी बोलायचं टाळलं होतं.

बॅडमिंटनची गोष्ट तिनं पाहिली तेव्हा मात्र तिला जरा चमत्कारिक वाटलं. वसाहतीच्या मैदानात धैर्यशील आणि पिसाळभाऊ खेळत होते. पन्नाशीतली दोन माणसं, पण पाय कसे हरणासारखे. सतरा-सतरा गुण झाले होते. पिसाळभाऊंनी फूल उडवलं, ते जाळीवरून आलं, धैर्यशीलला सहज मारता आलं असतं. त्यानं रॅकेट खाली केली. फूल त्याच्या पायाशी पडलं. दोघं एकमेकांकडे बघून हसले आणि घाम पुसत घराकडे निघाले.

“कोण जिंकलं?” वृषालीनं विचारलं.

“खेळलो की,” धैर्यशील म्हणाला. “झालं.”

पूर्वी फूल रेषेच्या आत पडलं की बाहेर, यावर हे दोघे अर्धा तास घसे फोडायचे. बायका गॅलरीतून हसायच्या. वृषालीनं मनात म्हटलं, वयाप्रमाणे शहाणपण येतं माणसाला. असं म्हणायला बरं वाटतं.

*

एप्रिलमध्ये तिची मुलगी शिवन्या नागपूरहून महिनाभरासाठी माहेरी आली. बरोबर सात महिन्यांची गोदा. जुनी नावं तेव्हा परत आली होती. गोदा म्हणजे गालांचे दोन लाडू, मांड्यांवर वळ्या आणि आवाज असा की दूध दोन मिनिटं उशिरा आलं तर शेजारचे विचारायला येतील.

शिवन्याला दह्याचा वास लहानपणापासून सोसत नसे, म्हणून ते ती खायची नाही. गोदाला मात्र आजी मऊ दहीभात भरवू लागली. उन्हाळ्याचं बाळाच्या पोटात थंड गेलेलं बरं.

आठवड्यात गोदा शांत झाली. सगळ्यांनी तिला नावाजलं. किती गुणी पोर, रडत म्हणून नाही! शिवन्यानं छातीशी धरली की ती दहा-बारा घोट घ्यायची आणि तोंड फिरवायची. चिडून नाही, हळूच. नंतर आईच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत पडून राहायची. चमचा ओठाशी नेला की ओठ मिटायची. रांगायला लागलेली होती, तर लाल चेंडूकडे दोन हात सरकायची आणि मध्येच बसायची. चेंडू हातभर पुढे असायचा. ती त्याच्याकडे बघत राहायची, आणि मग नजरही काढून घ्यायची.

तिसऱ्या आठवड्यात वजन केलं. सात किलो आठशेवरून सहा किलो नऊशे. बालरोगतज्ज्ञांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, कान तपासले. सगळं ठीक होतं. “भूकच लागत नाहीये हिला,” ते म्हणाले.

शिवन्या बाथरूमचं दार लावून रडली. बाहेर आली तेव्हा वृषाली भाजी निवडत होती.

“आई, तुला भीती नाही वाटत?”

वृषाली उत्तर देणार होती, वाटते गं, का नाही वाटणार. पण तोंड उघडून ती थांबली. आपल्या पोटात गोळा यायला हवा होता हे तिला कळत होतं. शिवन्याला लहानपणी साधा गोवर झाला तेव्हा ती तीन रात्री डोळ्याला डोळा न लावता बसली होती. ती भीती कशी असते ते तिला नीट आठवत होतं, एखाद्या गावाचा रस्ता आठवावा तसं. पण आत काही हलत नव्हतं. आणि हे उमगल्यावर तरी धस्स व्हावं, तर तेही झालं नाही.

तिनं भाजी बाजूला ठेवली, फ्रिजमधली दह्याची वाटी डब्यात घातली आणि सरळ डॉ. तांबोळींची प्रयोगशाळा गाठली. अजून तेवढं करण्याइतकं तिच्यात काहीतरी शिल्लक होतं, असं नंतर डॉक्टरांनी म्हटलं.

*

त्यानंतर बाराव्या दिवशी डॉ. तांबोळी स्वतः वसाहतीत आल्या. पंचेचाळिशीच्या, बुटक्या, चष्मा कपाळावर सरकवून बोलणाऱ्या बाई. बाळाचं दही त्यांनी पहिल्याच दिवशी फोनवरून बंद करवलं होतं आणि एकीकडून दुसरीकडे जाऊ नये म्हणून शिवन्या व गोदा दोघींनाही औषध सुरू केलं होतं. आता त्यांच्याबरोबर गोळ्यांचं खोकं होतं. चहा समोर आला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

“वृषालीताई, किती दिवस लावलंत तुम्ही हे विरजण?”

“साडेतीन वर्षं झाली असतील, डॉक्टर. चुकलं माझं. पण फेकवेना हो.”

“चूक माझी आहे. माझ्या अम्मीनं जन्मात विरजण विकत आणलं नाही. आणि मी पुडीवर लिहिते, पुन्हा लावू नये! मला कळायला हवं होतं.” त्यांनी चष्मा खाली घेतला. “तुम्हाला सोपं करून सांगते. तृप्तक पाच वेळा विरजला की मरावा, अशी सोय मी त्याच्या जनुकांतल्या एका तुकड्यात केली होती. पण एका वाटीत अब्जावधी जिवाणू असतात. त्यातल्या एखाद्याचा तो मरणाचा तुकडा गळून पडला. तो मेला नाही. पुढच्या वाटीत त्याचीच पोरं. बाराशे दिवस तुम्ही रोज त्यांना नवं दूध दिलंत.”

“म्हणजे ते जगले. त्यात वाईट काय झालं?”

“त्याच तुकड्याला एक कळ जोडलेली होती. अन्न आलं तरच ठोठावायचं, एरवी गप्प बसायचं, ही कळ. तुकडा गेला, कळ गेली. तुमच्या दह्यातले जिवाणू दिवसभर ठोठावतात. अन्न असो, नसो.”

“मग आम्ही उपाशी कसे मेलो नाही?”

“तुम्ही घड्याळाकडे बघून जेवता. साडेबारा वाजले, ताट घेतलं, दोन भाकरी, पाणी, उठलात. सवय आहे तुम्हाला. बाळाला घड्याळ कुठं कळतं?”

बाहेर मैदानात कुणीतरी खेळत होतं. फूल रॅकेटवर आपटल्याचे चार-पाच आवाज आले, मग काहीच नाही.

“आणखी एक आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “मला वाटत होतं, पुरे म्हणजे जेवण पुरे. पण मेंदूत भुकेला एक दार आणि मायेला दुसरं असं नसतं. हवं म्हणणारी जागा एकच. भाकरी हवी, जिंकायला हवं, माणूस हवं, सगळं तिथूनच निघतं. मी तुमचं दही उंदरांच्या माद्यांना दिलं. उंदरीण पिलांना घरट्याबाहेर ठेवलं की एकेक करून उचलून आणते, आठ असली तर आठही आणते. माझ्या पुडीतला तृप्तक दिला तरी आठही आणायची. तुमचं दही खाल्लेली तीन आणायची आणि बसायची.”

“बाकीची पाच?”

“समोरच होती. ओरडत होती. तिला ऐकू येत होतं. तिला तीन पुरेशी होती.”

शिवन्यानं गोदाला छातीशी घट्ट धरलं.

“गोळ्या चौदा दिवसांच्या आहेत,” डॉक्टर म्हणाल्या. “एकही चुकली तर जिवाणू पुन्हा वाढतात. आणि बेचाळीस घरांतली दह्याची भांडी उकळायची. वजनाचं सांगते, ते परत येईल. सगळं नाही, पण येईल. साखर येईल, भूक येईल, आणि पहिले काही दिवस फार त्रास होईल. मी मदत करीन, आपण नीट व्यायामानं, सावकाश बघू. पण तोवर तुम्ही या बाळाला घ्यायचं नाही. हातांवरून, मुक्यावरून, कशानंही ते परत तिच्यात जाईल. आणि दुसऱ्यांदा एवढ्या लहान पोटातून काढता येईल का, मला सांगता येत नाही.”

संध्याकाळी सभागृहात सगळी वसाहत जमली. डॉक्टरांनी हेच पुन्हा सांगितलं. त्या तयारीनं आल्या होत्या. आरडाओरडा होईल, कुणी कोर्टात खेचीन म्हणेल, कुणी बारीक कंबर सोडणार नाही म्हणून भांडेल, असं त्यांना वाटत होतं. काहीच झालं नाही. लोकांनी शांतपणे ऐकलं, समजूतदारपणे मान डोलावली. पिसाळवहिनींनी एक शंकाही विचारली, गोळी जेवणाआधी की नंतर. सगळ्यांनी रांगेत येऊन आपापल्या गोळ्या घेतल्या आणि घरी गेले.

डॉक्टर खुर्चीत बसून राहिल्या. वृषाली एकटी मागे थांबली होती, तिला त्या म्हणाल्या, “कुणी एक जण तरी रागावायला हवा होता हो.”

*

दोन दिवसांत गोदाची भूक परतली. दुपारी अंगणात गाडीत सामान भरत असताना ती अशी काही किंचाळली की गल्लीतली कुत्री उठून बसली. शिवन्यानं पिशवी तिथेच टाकली, पायरीवर बसून तिला पदराखाली घेतलं, आणि पोर ओरबाडून दूध पिऊ लागली. शिवन्या हसत होती आणि रडत होती. वृषाली तीन हातांच्या अंतरावर उभी राहून हे बघत होती. छान दिसत होतं ते.

“आई, माझ्यासमोर पहिली गोळी घे,” शिवन्या म्हणाली.

वृषालीनं घेतली. लेक म्हणाली म्हणून पाण्याबरोबर गिळली.

“बाबांनाही दे. रोज घ्यायची. मी रोज फोन करीन. बरी झालीस की पुढच्या गाडीनं ये, समजलं? मला तू हवी आहेस. जाड, घोरणारी, चिडकी, कशीही ये.”

“येईन की,” वृषाली म्हणाली.

गोदाचं पोट भरलं होतं. तिनं मान वळवून आजीला पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले. ओठांवर दूध होतं. तोंडातून कसलासा लाडिक आवाज काढत ती आईच्या कडेवरून पुढे झेपावली. शिवन्यानं तिला मागे ओढलं, तिचे डोळे भरून आले होते. हे पोर हातात घेता येत नाही म्हणून आपल्या आईचं काळीज फाटत असेल, असं त्या बिचारीला वाटत होतं.

वृषालीनं हात हलवला. गाडी सुरू झाली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपण केव्हाच दाराकडे वळलो आहोत.

शिवन्यानं शब्द पाळला. रोज फोन केला. पहिल्या दिवशी वृषालीनं खरं सांगितलं, अजून घ्यायची आहे. शिवन्या ओरडली, विनवू लागली, मग धैर्यशीलला फोन दे म्हणाली. त्यानं हो-हो म्हटलं. त्याची पाकिटंही टेबलावर तशीच होती. वसाहतीत कुणीच गोळी घ्यायला नकार दिला नव्हता, आणि कुणी घेतही नव्हतं. सवयीची कामं हात आपोआप करत होते. फिरायला जाणं, आंघोळ, भाकऱ्या, संध्याकाळी कोमट दुधात चमचाभर दही ढवळणं. पण नवं काही सुरू करायचं तर आतून कुणीतरी ढकलावं लागतं, आणि ते ढकलणारं घर सोडून गेलं होतं.

पाचव्या दिवशी वृषालीनं ठरवून प्रयत्न केला. चार वाजता शिवणवर्गातल्या मुली गेल्यावर ती टेबलाशी बसली. एक गोळी पाकिटातून काढून तळहातावर घेतली. दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. आपल्याला काय करायचं आहे हे तिला स्वच्छ माहीत होतं, आणि का करायचं आहे तेही. ती मोठ्यानं म्हणाली, “गोदा.” पुन्हा म्हणाली. नातीचा चेहरा डोळ्यांसमोर आला, पुढे केलेले हात आले, ओठांवरचं दूध आलं. ती नीट लक्ष देऊन स्वतःच्या आत बघत राहिली. कुठेतरी काहीतरी तुटायला हवं होतं, निदान दुखायला हवं होतं. तिनं त्याची वाट पाहिली. पंखा फिरत होता. गोळीचा रंग घामानं तळहाताला लागला.

फोन वाजला, शिवन्याचा होता. वाजून थांबला.

वृषालीनं गोळी टेबलावर ठेवली आणि पाणी पिऊन टाकलं. आपल्याला वाईट वाटत नाहीये, याचंसुद्धा वाईट वाटत नाहीये, हे तिनं एकदा तपासून पाहिलं. गुडघे दुखत नव्हते, श्वास मोकळा होता, पाठ ताठ होती. एक्कावन्न वर्षांच्या आयुष्यात तिला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.